नी वॉलमागचा माळा, वरच्या खोलीतला गारठा : आणखी इन्सुलेशन घालावं का?

पागोळी | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण इथे केप कॉड घरात राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

बॉस्टनच्या पश्चिमेला आमचं १९४९ सालचं घर आहे. खाली पूर्ण मजला, वर उतरत्या छपराखाली दोन बेडरूम. छप्पर जिथे खाली येतं तिथे दोन्ही बाजूंना चार फुटांची बुटकी भिंत आहे, इथे तिला नी वॉल म्हणतात. तिच्यामागे त्रिकोणी पोकळी. आम्ही तिला मागचा माळा म्हणतो. रांगत जावं लागतं. बॅगा, आकाशकंदील, गणपतीचं मखर सगळं तिथेच असतं.

खाली थर्मोस्टॅट ६८ डिग्री फॅरनहाइटला आणि वरच्या खोलीत सकाळी ५८. उन्हाळ्यात याच्या उलट, रात्री अकरा वाजताही वर बसवत नाही. नोव्हेंबरात आई साताऱ्याहून आली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, पावलांना खालून वारा लागतोय, पंखा चालू आहे का कुठे?" मला फार वाईट वाटलं, कारण दोन वर्षांपूर्वीच आम्ही एका कंत्राटदाराकडून नी वॉलला मागून गुलाबी फायबरग्लास (काचेच्या तंतूंचं, उष्णता अडवणारं इन्सुलेशन) लावून घेतलं होतं. तेव्हापासून अर्ध्या डिग्रीचाही फरक नाही. आता दुसरा एक जण म्हणतो, त्यावर अजून एक थर टाका. टाकावा का?

सुतारपक्षी | ११ जानेवारी, रात्री १०:२५

पागोळी, थर आत्ता अजिबात घेऊ नका. मी न्यू जर्सीत घरांची एनर्जी ऑडिट करतो, म्हणजे घरातली ऊर्जा कुठे वाया जाते ते तपासतो. केप घरात वरची खोली गार आहे असं कळलं की मी आधी भिंत बघत नाही, भिंतीच्या पायाखाली बघतो.

वरच्या मजल्याची जमीन ज्या जॉइस्टवर (लाकडी तुळयांवर) आहे ते घराच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत आडवे जातात. नी वॉल त्यांच्यावरच्या फळीवर उभी असते. म्हणजे भिंत फळीपाशी संपते आणि फळीखालची, दोन जॉइस्टमधली जागा मागच्या माळ्याकडे सताड उघडी राहते. सॉफिटच्या, म्हणजे वळचणीच्या खालच्या बाजूच्या, जाळीतून आलेली बाहेरची हवा तिथून शिरते, तुमच्या आईच्या पलंगाखालून जाते आणि पलीकडच्या माळ्यात निघते. जमीन गार, खालच्या दिवाणखान्याचं सीलिंगही गार. भिंतीत कितीही कापूस कोंबा, ही हवा भिंतीला शिवतच नाही.

एक करा. वारा असेल त्या दिवशी स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावा आणि वरच्या खोलीत नी वॉलच्या खालच्या पट्टीपाशी उदबत्ती फिरवा. मग बॅटरी घेऊन मागे जा आणि तीन गोष्टी बघा : जॉइस्टमधल्या जागा बंद आहेत का, फायबरग्लासची पाठ उघडी आहे का, आणि भिंतीत बसवलेले लाकडी ड्रॉवर असतील तर त्यांच्यामागे काय आहे.

रानवारा | १२ जानेवारी, सकाळी ७:१०

सुतारपक्ष्यांना अनुमोदन. आता मिनियापोलिसला असतो, पण २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनजवळ क्विन्सीला केपमध्ये होतो. बॉस्टनला त्या मोसमात ११० इंचांवर बर्फ पडला. आमच्या वळचणीला मनगटाएवढे बर्फाचे सुळे लटकले आणि फेब्रुवारीत एका पहाटे मुलाच्या खोलीत खिडकीच्या चौकटीतून पाणी ठिबकायला लागलं. आम्हाला वाटलं छप्पर फुटलं. छपरात काहीच दोष नव्हता. नी वॉलमागे घरातली गरम हवा झिरपत होती, तिने वरचं छप्पर तापायचं, बर्फ वितळून पाणी खाली यायचं आणि भिंतीबाहेरच्या थंड वळचणीवर पुन्हा गोठायचं. त्या बांधामागे पाणी तुंबलं की ते शिंगल्सखालून (छपरावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांखालून) उलटं आत येतं.

लोक छपरावर तापणाऱ्या तारा लावतात, दरवर्षी बर्फ फोडायला माणसं बोलावतात. आम्हीही दोन वर्षं तेच केलं. तिसऱ्या वर्षी मागचा माळा सील केला, ठिबकणं थांबलं.

पागोळी | १३ जानेवारी, रात्री ८:५५

बघून आले. उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा सोडून पट्टीपाशी आडवा झाला आणि खोलीत आला. खिडकीपाशीसुद्धा इतका हलला नव्हता.

मागे गेले तर फायबरग्लासची पाठ पूर्ण उघडी. एक बॅट (फायबरग्लासची गादी) बाहेर ओढली तर गुलाबी रंगात काळे पट्टे. मला आधी बुरशी वाटली.

आणि खाली! वाड्यात दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणायचे, मी तोच शब्द वापरते. एकेका खणात हात कोपरापर्यंत सहज आत गेला. पुढच्या बाजूला २४ खण मोजले, एकही बंद नाही. हाताला वारा लागत होता. आईच्या पावलांना काय लागत होतं ते तेव्हा कळलं.

ड्रॉवरही आहेत, उत्तरेच्या भिंतीत चार. मागे नुसतं पातळ प्लायवूड आणि त्यामागे थेट माळा.

सुतारपक्षी | १३ जानेवारी, रात्री १०:०५

काळे पट्टे बहुतेक वेळा बुरशी नसते, धूळ असते. फायबरग्लास हवा अडवत नाही, फक्त गाळतो, भट्टीच्या फिल्टरसारखा. वर्षानुवर्षं जिथून हवा जाते तिथे धुळीचा पट्टा उमटतो. हात लावून बघा, ओल नसेल आणि कुबट वास नसेल तर ती धूळच. मला तर हे पट्टे आवडतात, गळतीचा नकाशा आयता मिळतो.

आता क्रम सांगतो. याच क्रमाने करा.

आधी खण बंद करायचे. दोन इंची रिजिड फोम बोर्डाचे तुकडे कापून प्रत्येक खणात नी वॉलच्या बरोबर खाली उभे बसवायचे. जुन्या घरात लाकडाची मापं आजच्यापेक्षा किंचित मोठी असतात आणि दोन खण कधी सारखे नसतात, म्हणून प्रत्येक खण वेगळा मोजा. तुकडा चारही बाजूंनी पाव इंच लहान कापा. घट्ट बसवायला गेलात तर कडा तुटते, आणि कॅन फोम (डब्यातला फुगणारा फोम) भरायला फट लागतेच. मग चारही कडांना फोम. वायर किंवा पाइप खणातून जात असेल तर तुकड्याला खाच पाडा आणि खाचही भरा. फोमचे डबे आदल्या रात्री घरात ठेवा, गारठलेल्या डब्यातून फोम नीट फुगत नाही.

मागच्या माळ्यात जमिनीवर फळ्या ठोकलेल्या असतील तर नी वॉललगतची एकच फळी उचला. ती निघतच नसेल तर जुनी बॅट गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि खणात गच्च कोंबा. बोर्डाइतकं चांगलं नाही, पण उघड्या खणापेक्षा कितीतरी बरं.

दुसरं, भिंतीची पाठ. आत आहेत त्या बॅट नीट सरळ करा, कागदाची बाजू खोलीकडे. मग मागून फॉइलचा पॉलिआयसो बोर्ड (कडक फोमचा एक प्रकार) स्क्रूने बसवा, सांध्यांवर फॉइल टेप, कडांना फोम. साडेतीन इंची बॅटचं आर-१३ असतं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं), दोन इंची पॉलिआयसोचं साधारण आर-१२. पण इथे आर-व्हॅल्यूपेक्षा मोठं काम असं, की बॅटला सहाही बाजूंनी झाकण मिळतं आणि वारा तिच्यातून जात नाही.

बोर्ड घेताना एक बघा. साधा फोम बोर्ड माळ्यात उघडा ठेवणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं आणि बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्धही आहे. थर्मॅक्ससारखे काही बोर्ड उघडे ठेवायला मान्य आहेत. दुसरा कुठला घेतलात तर वर ड्रायवॉल (जिप्समचा तक्ता) लावावा लागेल. गावच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरला फोन करून विचारा, ते सांगतात.

तिसरं, मागच्या माळ्याची जमीन. खण बंद झाल्यावर त्याच्या बाहेरच्या भागात सेल्युलोज (कागदाच्या चुऱ्याचं इन्सुलेशन) किंवा बॅट भरा. खाली दिवाणखाना आहे, हे विसरू नका. भरण्याआधी खालून आलेली प्रत्येक वायर, पाइप आणि दिव्याचा डबा सील करा. सॉफिटची जाळी मात्र बुजवू नका, तिथे बॅफल बसवून छपराखाली निदान एक इंच हवेची वाट मोकळी ठेवा.

उंबरठा | १४ जानेवारी, दुपारी १:३०

ओटावाहून. आमच्याकडे भिंतीच्या उबदार बाजूला बाष्प अडवायला ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिक लावायची पद्धत आहे. पागोळींकडे आत कागद आणि बाहेर फॉइल. दोन्ही बाजूंनी कोंडलं तर मधे ओल धरणार नाही का? आमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीत लाकूड काळं पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून भीती वाटते.

सुतारपक्षी | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

भीती रास्त आहे, म्हणून आकडे मांडतो.

खोलीत ७० डिग्री आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा ४४ डिग्रीच्या आसपासच्या पृष्ठभागावर पाणी सोडते. आर्द्रता ३० टक्के असेल तर ३७ च्या आसपास. आता भिंत. बाहेर २० डिग्री, आत ७०, फरक ५०. आर-१३ आत आणि आर-१२ बाहेर, म्हणजे बोर्डाच्या आतल्या बाजूचं तापमान जवळपास मधोमध, ४४. नुसती उघडी बॅट असती तर तिची पाठ २० डिग्रीला असती. बाहेर बोर्ड लावल्यामुळे आतलं लाकूड उबदार होतं आणि ओल धरण्याची शक्यता घटते.

दोन अटी आहेत. बाहेरचा बोर्ड पुरेसा जाड हवा. अर्ध्या इंचाचा लावून फॉइलने कोंडलं तर उंबरठा म्हणतात तसंच होईल. आणि हिवाळ्यात घरातली आर्द्रता ३० ते ३५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, ह्युमिडिफायर लावत असाल तर लक्ष ठेवा. बाष्प भिंतीत मुख्यतः हवेबरोबर शिरतं, म्हणून खोलीच्या बाजूचे स्विचबोर्ड आणि खालची पट्टीही कॉल्क करा, म्हणजे फटी लुकणाने बुजवा.

ओटावाच्या थंडीत तुमची पद्धत वेगळी असणारच, तिथल्या नियमाप्रमाणेच चला.

ओसरी | १५ जानेवारी, रात्री ११:१५

मेरीलँडमध्ये केप आहे. आमच्या मागच्या माळ्यात एसीचं युनिट आणि डक्ट आहेत. जुलैत तिथे हात लावला तर डक्टवरचं वेष्टणसुद्धा गरम. आम्हीही नी वॉलच करायची का?

रानवारा | १६ जानेवारी, सकाळी ६:५०

ओसरी, तुमच्याकडे नी वॉल करू नका, छपराचा उतार करा. डक्ट तिथे असताना भिंत इन्सुलेट केली तर ५५ डिग्रीची हवा वाहणारे डक्ट १२० डिग्रीच्या माळ्यात कायमचे बाहेर राहतील. उतार थेट वळचणीपर्यंत इन्सुलेट आणि सील केला की मागचा माळा घराच्या आत येतो. मग डक्ट गळले तरी हवा घरातच राहते. पागोळींनीही हेच करावं असं माझं मत. चोवीस खण, ड्रॉवर, दारं, प्रत्येक गोष्ट वेगवेगळी सील करण्यापेक्षा राफ्टरची (छपराच्या तिरक्या तुळयांची) एकच सलग रेघ बरी.

सुतारपक्षी | १६ जानेवारी, सकाळी ९:३०

ओसरींबद्दल पूर्ण सहमत. पागोळींबद्दल नाही.

जुन्या केपचे राफ्टर साडेपाच इंचांच्या आसपास. हवेच्या वाटेला एक इंच सोडला की साडेचार उरतात, त्यात आर-१५ च्या पुढे बॅट जात नाही. खालून अजून बोर्ड लावावा लागतो. हवेची वाट न ठेवता क्लोज्ड सेल स्प्रे फोम थेट छपराच्या फळ्यांवर मारला तर इंचाला आर-६ मिळतं, पण तो महाग, मारायला कसबी माणूस लागतो आणि पुढे छप्पर गळलं तर चटकन कळत नाही. बॉस्टनच्या हवामानात वाट न ठेवलेल्या छपराला हवाबंद इन्सुलेशन निदान आर-२० लागतं, मिनियापोलिसला आर-२५. पागोळींच्या माळ्यात डक्ट नाहीत. ज्यांना स्वतःच्या हाताने दोन शनिवार-रविवारात काम करायचंय त्यांना खण आणि भिंत हाच रस्ता परवडतो.

ड्रॉवर आहेत तेवढ्या भागात मात्र रानवारा म्हणतात तो उताराचा मार्ग विचार करण्यासारखा आहे.

रानवारा | १६ जानेवारी, दुपारी १२:२०

डक्ट नसतील तर तुमचं म्हणणं मान्य. पण उतार केलात, कुणीही केलात, तरी वळचणीच्या टोकाला राफ्टरमधली जागा ब्लॉक करायला विसरू नका. आमच्याकडे तेच राहिलं होतं आणि एक अख्खा हिवाळा वाया गेला.

चौकट | १७ जानेवारी, सकाळी ८:००

कुणीही माळ्यात हात घालण्याआधी हे वाचा, कळकळीने सांगतो.

शिकागोला आमचं दीडमजली विटांचं बंगलो. मागच्या माळ्यात जॉइस्टमधे राखाडी-सोनेरी, खड्यांसारखे हलके दाणे दिसले. मी फावड्याने गोळा करायलाच निघालो होतो. बायकोने थांबवलं आणि शोधलं. ते व्हर्मिक्युलाइट होतं, एका खनिजाचं जुनं इन्सुलेशन. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमधे अ‍ॅसबेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) होतं, ती खाण १९९० साली बंद झाली, आणि त्याआधी अमेरिकेत विकला गेलेला बराचसा माल तिथलाच. असे दाणे दिसले तर हलवू नका, झाडू नका, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. त्यात अ‍ॅसबेस्टॉस आहे असंच धरून चाला आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसांकडूनच काढून घ्या. आम्ही तसंच केलं.

१९४० च्या आधीचं घर असेल तर वायरिंगही बघा. चिनी मातीच्या गुंड्यांवर ताणलेल्या उघड्या तारा दिसल्या तर त्यांच्यावर इन्सुलेशन टाकायचं नाही, आधी इलेक्ट्रिशियन.

पागोळी | १७ जानेवारी, रात्री ९:१०

चौकट, मनापासून आभार. आज पुन्हा जाऊन पाहिलं, दाणे नाहीत, वायरिंगही नंतर बदललेलं आहे.

कर-सवलत मिळते ना यावर?

ओसरी | १७ जानेवारी, रात्री ९:४५

इन्सुलेशनवरची ३० टक्क्यांची केंद्रीय सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्या आधी काम पूर्ण झालेलं असेल तरच मिळेल. पण तुम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये आहात, मास सेव्हची (तिथल्या वीज-गॅस कंपन्यांच्या ऊर्जाबचत योजनेची) घरतपासणी फुकट असते आणि इन्सुलेशनवर मोठी सूट आहे. तुमच्या गावाची वीज पालिकेची स्वतःची असेल तर मात्र मास सेव्ह लागू नाही, मग पालिकेच्या वीज खात्याला विचारा.

पागोळी | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

काम अर्धं झालं, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मास सेव्हची तारीख एप्रिलची मिळाली. तोवर आई इथे असताना थांबायचं नव्हतं, म्हणून पुढच्या बाजूचे खण आम्ही दोघांनीच केले. जॉइस्टवर प्लायवूडची फळी टाकून त्यावर गुडघे टेकायचे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. नवऱ्याने खण मोजून आकडा ओरडायचा, मी खोलीत बसून बोर्ड कापायचा. पहिला तुकडा १४ आणि एक अष्टमांश, दुसरा पावणेचौदा. एकही दोन सारखे निघाले नाहीत. पहिले सहा तुकडे मी घट्ट कापले आणि कडा मोडल्या, मग सुतारपक्ष्यांचं पाव इंचाचं वाक्य आठवलं. चोवीस खणांना सात डबे फोम लागला.

शेवटचा खण भरला तेव्हा नवरा माळ्यातच होता. मी खोलीतून उदबत्ती पट्टीपाशी धरली. धूर सरळ वर गेला. मी त्याला हाक मारून बोलावलं, दोघं बघत बसलो.

भिंतीची पाठ अजून तशीच आहे, बोर्ड पुढच्या आठवड्यात येतील. नुसते एका बाजूचे खण बंद करून सकाळी ६३ दिसतंय, बाहेर तेवढीच थंडी असताना, थर्मोस्टॅट त्याच ६८ ला. आई काल रात्री मोजे न घालता झोपली.

माळ्याच्या छोट्या दारालाही मागून बोर्ड चिकटवला आणि कडेने रबराची पट्टी लावली, पण दार पट्टीवर नीट दाबलं जात नाही.

सुतारपक्षी | ८ फेब्रुवारी, रात्री ८:१५

फारच सुंदर काम! दाराला साधी कडी चालत नाही. खेचून घट्ट बसणारी, जुन्या पेटीला असते तशी कडी लावा, वर एक आणि खाली एक. पट्टी दाबली गेली तरच सील होते.

एक अगदी महत्त्वाचं. तळघरातला गॅसचा वॉटर हीटर जुना, वर उघडं धुराडं असलेला आहे का? घर घट्ट झालं की एक्झॉस्ट फॅन चालू असताना त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. एप्रिलच्या तपासणीत ते मोजायला सांगा, आणि तोवर प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते आजच बघा.

पागोळी | ८ फेब्रुवारी, रात्री ८:५०

हीटर तसाच आहे. खालचा अलार्म चालू होता, वरचा वाजला नाही, बॅटरी संपलेली. आत्ताच बदलली आणि दाबून पाहिला.

ड्रॉवर एप्रिलमध्ये करू. मागून बोर्डाची पेटी करायची असं ठरवलंय, ड्रॉवर तसेच ठेवून. आईला ते फार आवडतात, तिने तिच्या साड्या तिथे लावल्यात.

सुतारपक्षी | ८ फेब्रुवारी, रात्री ९:०५

पेटी चांगली. दोन्ही बाजू आणि पाठ सगळे करतात, वरचं झाकण आणि ड्रॉवरखालचे खण राहून जातात. आधी चारही ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, आत बॅटरी मारा आणि तळाला कुठे उजेड खाली जातो ते बघा. तिथले खण आधी बंद करा, पेटी त्यानंतर.